कुंपणालगतच्या पट्ट्याला आच्छादन: पाचट, पालापाचोळा की खडी? आणि नेमकं किती?

हिरवा_कोपरा (पुणे):
भिंतीलगत ३० × १२ फुटांचा पट्टा आहे. त्यातून लांबीभर २ फूट रुंदीची पायवाट जाते. काळी माती, एप्रिलमध्ये बोट जाईल एवढ्या भेगा. जास्वंद, मोगरा, कढीपत्ता, एक लिंबू, आणि मधे मधे लव्हाळा नि हरळीचं तण. आच्छादन कशाचं करावं? विकणारा म्हणतो २० पोती पुरतील. वाळवीचीही धास्ती आहे.

गज_टेप:
आधी हिशेब. ३६० चौ. फुटांतून पायवाटेचे ६० वजा केले की ३०० उरले. ३ इंच थर धरला तर ३०० × ३ ÷ १२ = ७५ घनफूट, म्हणजे पाऊण ब्रास (१०० घनफूट म्हणजे एक ब्रास). सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात साधारण सव्वा घनफूट मावतं, म्हणजे ६० पोती. तुमच्या २० पोत्यांत जेमतेम एक इंच थर होईल. तेवढ्यातून ऊन खाली पोचतं आणि तण मजेत वाढतं. अर्थात पोतं कुठलं ते विचारा. युरियाचं पोतं यापेक्षा बरंच मोठं असतं.

हे ७५ घनफूट झाले बसलेल्या थराचे. वाळका पालापाचोळा पाणी पडलं की निम्म्यावर येतो, म्हणून तो ६ इंच पसरायचा आणि दीड ब्रास मागवायचा. ट्रॉली आली तर हौद टेपने मोजून घ्या: १० × ५ × २ फूट म्हणजे बरोबर एक ब्रास. वर दिसणारा ढीग हिशेबात धरू नका, ती हवा असते.

पाचटवाला:
तुमच्या मातीला पाचटच, म्हणजे उसाची वाळकी पानं. ऊसतोडीच्या हंगामात सहज मिळतं, कुजायला सावकाश. फक्त वीतभर तुकडे करून घ्या. अख्खी पानं वाऱ्याने उडतात आणि त्यांच्या कडा हात कापतात.

पालापाचोळाही चालेल, पण आंब्याची-फणसाची पानं अख्खी टाकू नका. ती कौलांसारखी एकावर एक बसतात आणि पाणी मुळांकडे न जाता बाजूला ओघळून जातं. पायाखाली चुरडून टाका.

नारळाचं घ्यायचं तर सोडणाचे (नारळावरच्या सालीचे) तुकडे घ्या. कोकोपीट (सोडणाचा भुगा) वरून पसरण्याची चीज नाही: सुकलं की उडतं. करवतीचा भुसा वर राहिला तर ठीक. खुरपणीत मातीत मिसळला की तो कुजताना नत्र ओढून घेतो आणि पानं पिवळी पडतात.

खडी झाडांखाली नको, उन्हाने तापते. पायवाटेला मात्र उत्तम: ६० चौ. फुटांना २ इंच म्हणजे १० घनफूट, वजन सव्वाचारशे किलोच्या आसपास.

खुरपं:
वरच्या दोघांशी सहमत, पण माल कुठला यापेक्षा तो कुठे टाकत नाही हे जास्त महत्त्वाचं.

लिंबाच्या खोडाभोवती वीतभर जागा उघडी ठेवा. खोडाला ओलं आच्छादन टेकलं की साल कुजते, डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) लागतो. आळं ताटासारखं हवं, खोडाशी डोंगर नको. घराच्या भिंतीपासूनही फूटभर अंतर सोडा. त्या उघड्या पट्टीवर वाळवीची मातीची नळी लगेच दिसते, ती मोडता येते. आच्छादनात लाकडाचे जाड तुकडे नकोत.

क्रम असा: तण काढा. लव्हाळ्याच्या गाठी खणून काढाव्या लागतात, नुसता उपटला तर दुप्पट येतो. मग भरपूर पाणी द्या. कोरड्या मातीवर कोरडं पाचट घातलं तर हलकी सर पाचटच पिऊन टाकतं. हरळीच्या जागी चिकटपट्टी काढलेला पुठ्ठा, कडा ६ इंच एकावर एक, भिजवून, त्यावर थर. लव्हाळ्याचं टोक पुठ्ठाही भोसकतं, तिथे फार आशा ठेवू नका.

जाड थर पावसाळा संपताना द्या, ओल अडकवायला. जून-जुलैत पातळ करा, नाहीतर काळ्या मातीत मुळं गुदमरतात आणि खाली शंखी गोगलगायी दडतात. दडल्याच तर संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट ठेवा आणि सकाळी वेचून मिठाच्या पाण्यात टाका. मीठ बादलीत, मातीत नव्हे.

हिरवा_कोपरा:
आभार सगळ्यांचे. ६० पोत्यांचं पाचट सांगतो. ठिबकची नळी वर ठेवू की खाली?

खुरपं:
खाली. झाकण्याआधी शेवटचं बूच काढून पाणी सोडा, गाळ निघून जाऊ दे. आणि प्रत्येक ड्रिपरजवळ एक काडी खोचून ठेवा. चोंदलेला ड्रिपर पाचटाखाली दिसत नाही, कळतो तो मोगरा सुकल्यावर.