खबऱ्या, फितूर की माफीचा साक्षीदार?

रत्नागिरीच्या आमच्या चित्रपट मंडळासाठी एका परदेशी थरारपटाची मराठी उपशीर्षकं लिहितो आहे. नायक पूर्वी टोळीत होता. साथीदारांविरुद्ध कोर्टात बोलला, सुटला, आणि आता नाव बदलून परमुलखात राहतो. टोळीची माणसं त्याच्या मागावर आहेत. त्याला 'खबऱ्या' म्हणावं का? आणि त्याचं लपून राहणं 'भूमिगत' की 'फरारी'?

अलिबागहून: 'खबऱ्या' नको. खबऱ्याचं नाव कोर्टात येतच नाही. खबर कुठून मिळाली हे सांगायची सक्ती पोलिसांवर करता येत नाही, हे १८७२च्या पुरावा कायद्यातच, कलम १२५ मध्ये होतं. तुमचा नायक उघड साक्ष देऊन मोकळा झाला. गुन्ह्यात सामील असलेल्याला सगळं खरं सांगण्याच्या अटीवर माफी मिळाली, तर तो 'माफीचा साक्षीदार' (फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३०६, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ३४३). १९९३च्या बॉम्बस्फोटांची स्फोटकं आमच्याच जिल्ह्यात, दिघी-शेखाडीला उतरली. त्या खटल्यातही माफीचे साक्षीदार होते, त्यामुळे इकडे हा शब्द कुणाला समजावावा लागत नाही. 'फितूर' तर मुळीच वापरू नका. 'साक्षीदार फितूर' ही बातमी आपण वाचतो ती पोलिसांना दिलेला जबाब कोर्टात फिरवणाऱ्याची. तुमच्या नायकाने नेमकं उलट केलं आहे.

मालवणहून: कोर्टाच्या प्रसंगात पटतं. पण टोळीवाल्याच्या तोंडी 'माफीचा साक्षीदार' कसा शोभेल? त्याच्या लेखी हा माणूस फुटला. आमच्याकडे 'तो फुटलो' म्हटलं की झालं. 'टीप दिली' हेही चालणार नाही. सोन्याच्या तस्करीची बातमी बक्षिसासाठी कस्टमला देणारा टीप देतो, तो बाहेरचा कुणीही असू शकतो. फुटायला मात्र आतलाच माणूस लागतो.

गुहागरहून: 'फरारी' म्हणजे ज्याला पोलीस शोधतात, तो इथे गैरलागू. 'भूमिगत'ला बेचाळीसचा मान आहे, तो या माणसाला कशाला? 'परागंदा'मध्ये घरदार सुटल्याचं दुःख येतं, लपणं येत नाही. मला 'अज्ञातवास' अगदी बरोबर वाटतो. तेराव्या वर्षी ओळख पटली असती तर पांडवांना पुन्हा बारा वर्षं वनवास होता. ओळख पटण्याची धास्ती त्या शब्दातच आहे, आणि तुमच्या चित्रपटाचा जीवही त्या धास्तीतच असणार.

रत्नागिरीहून: 'अज्ञातवास' घेतो. आता मारेकरी फोनवर 'सावज सापडलं' म्हणेल की 'शिकार सापडली'?

गुहागरहून: सावज. ते हाती लागेपर्यंत सावजच असतं, साधली की शिकार. आणि तोवर 'माग काढणं' लिहा. 'पाठलाग' तेव्हाच, जेव्हा पुढचा पळणारा दिसत असेल.