दिवाळीच्या सुट्टीत मुलांना कोकणातली जुनी शेती दाखवायची आहे: कुठे आणि कशी?

पागोळी:
मुलं ४ आणि ७ वर्षांची. दिवाळीच्या सुट्टीत मुंबईहून चार दिवस रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गात जायचा विचार आहे. पूर्वी घर कसं चालायचं, भात कुठून यायचं, पीठ कसं दळायचे हे मुलांना प्रत्यक्ष दाखवायचं आहे. नुसतं रिसॉर्टच्या बागेतून फिरवून आणायचं नाही. प्रश्न असे:
१. संग्रहालय बरं की चालती वाडी?
२. दिवाळीत शेतात खरोखर काही काम चालू असतं का? की लावणीलाच यावं?
३. चार वर्षांच्या मुलाला कशात हात घालू द्यावा, कशात नाही?

कुणगा:
आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण बाकी सगळं त्यावरच ठरतं. दिवाळी उत्तम. भातकापणी सरत आलेली असते, मळणी चालू असते आणि शेत कोरडं असतं. लावणी दिसायला सुंदर, पण लहान मुलांना त्यात अर्धा तासही धड करता येत नाही. मळणीत मात्र चार वर्षांच्या मुलालाही खरं काम देता येतं.

कामाचा क्रम असा. पाऊस ओसरला की अंगणात खळं करतात. जमीन उकरून, पाणी मारून चोपण्याने बडवायची आणि वरून शेणाने सारवायची. सारवण ताकापेक्षा दाट पण पिठल्यापेक्षा पातळ हवं. फार पातळ झालं तर वाळल्यावर माती धरून राहत नाही आणि भाताबरोबर खडे येतात. फार दाट झालं तर पापुद्रे सुटतात. मुलांना कोपऱ्यातला हातभर तुकडा सारवायला द्या. हाताला जखम असेल तर नको, आणि धाकट्याचा धनुर्वाताचा बूस्टर झाला आहे का ते निघण्याआधी बघा.

मग झोडणी. भाताची पेंढी दोन्ही हातांनी धरून फळीवर किंवा दगडावर आपटायची. सात वर्षांच्या मुलाला पेंढी त्याच्या मनगटाएवढीच बांधून द्या. मोठी दिली की ती खांद्यावरून मागे जाते आणि मागच्याच्या डोळ्यांत कुसळं उडतात. म्हणून झोडणाऱ्याच्या मागे कुणी उभं राहायचं नाही, हा नियम मुलांना आधीच सांगून ठेवा.

त्यानंतर वारा देणं. सुपातून भात उंचावरून सोडलं की दाणे खाली पडतात, पोल (पोकळ दाणे) आणि कस्पटं वाऱ्याबरोबर पुढे जातात. मुलांना वाऱ्याकडे पाठ करून उभं करा. सकाळी वारा पडलेला असतो, त्यामुळे हे काम बहुतेक घरी दुपारनंतरच निघतं. धुळीने दमा उसळणारं मूल असेल तर त्याला ओटीवरच बसवा, हे काम लांबूनही छान दिसतं.

पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि टोपी हवी. लोकरीचं किंवा जाळीचं काही नको, त्यात कुसळं अडकली की धुऊनही निघत नाहीत.

माजघर:
वर दिलेला क्रम बरोबर आहे. त्यात पोह्यांची भर घालते, कारण सिंधुदुर्गात दिवाळीचा पहिला दिवस म्हणजे चावदिवस आणि तो नव्या भाताच्या पोह्यांचा. पहाटे तुळशीपुढे पायाच्या अंगठ्याने कारीट (छोटं कडू रानफळ) फोडायचं, मग गूळपोहे, दूधपोहे, तिखट पोहे. ज्या घरात अजून पोहे कांडतात तिथे चावदिवसाच्या आदल्या दिवशीच पोचा.

भात रात्रभर भिजवतात, सकाळी निथळतात आणि खापरात थोडं थोडं भाजतात. एखाद-दुसरी लाही फुटायला लागली की ते गरम भात लगेच व्हायनात (जमिनीत पुरलेल्या दगडी उखळात) ओतून कांडायचं. सगळी कसोटी इथेच आहे. भात निवलं तर दाणा चपटा होत नाही, तुटतो आणि पोह्यांऐवजी कण्या हाती येतात. जास्त भाजलं तरी तेच. म्हणून भाजणारी आणि कांडणाऱ्या दोघी एका लयीत असतात आणि मध्ये थांबत नाहीत.

याच कारणाने मुलांना व्हायनाजवळ जाऊ देऊ नका. दोन मुसळं आळीपाळीने पडत असतात, मुसळाला खाली लोखंडी वसवी (कडं) असते, आणि उडालेला दाणा उचलायला मुलाचा हात पटकन आत जातो. व्हायनापासून दोन हातांवर कोळशाने रेघ मारा आणि मुलांना रेघेपलीकडे बसवा. त्यांना काम हवंच असेल तर कांडलेले पोहे सुपात पाखडायला द्या. कोंडा जमिनीवर सांडला तरी कुणाचं काही बिघडत नाही.

जात्यावर मात्र दोघांनाही बसवता येतं. मोठं माणूस एका बाजूला, मूल समोर, खुंट्यावर मोठ्या माणसाचा हात खाली आणि मुलाचा वर. तांदूळ पाव किलोच घ्या. वैरण, म्हणजे जात्याच्या तोंडात घालायचे दाणे, एका वेळी लहान चिमूटभर. जास्त घातली की पीठ भरड पडतं आणि जातं जड होतं. जातं रिकामं फिरवलं की दगडावर दगड घासून पिठात कच येते. नुकतीच टाकी लावलेली (छिन्नीने दगड खरखरीत केलेला) असेल तर पहिलं पीठ खायचं नाही, गुरांना घालायचं. हे यजमानांना आधीच विचारा, कारण मुलं आपण दळलेल्या पिठाचेच घावणे मागणार.

भात, भरडलेले तांदूळ, कोंडा, तूस आणि कण्या अशा पाच वाट्या शेजारी शेजारी मांडून दाखवायला सांगा. १ किलो भातातून साधारण ६०० ते ६५० ग्रॅम तांदूळ निघतो. बाकीचं कुठे गेलं, याचं उत्तर त्या वाट्यांत दिसतं. घिरट (भात भरडायचं मोठं जातं) असेल तर तेही फिरवून दाखवायला सांगा, आता फार कमी घरांत उरलं आहे.

गडगा:
पहिल्या प्रश्नाबद्दल. गणपतीपुळ्याचं ‘प्राचीन कोकण’ चांगलं आहे, पण तिथे माणसाच्या उंचीचे पुतळे आहेत. बलुतेदार कोण आणि घरात काय काय असायचं याची ओळख तिथे होते. सात वर्षांच्या मुलाला उपयोग होईल, चार वर्षांचं मूल पुतळ्यांना कंटाळतं. तिथून मालगुंड जवळच आहे. केशवसुतांचं घर १० मिनिटं उभं राहून बघा, ओटी, पडवी, माजघर हे शब्द तिथेच समजावता येतात.

सिंधुदुर्गात जाणार असाल तर कुडाळजवळ पिंगुळीचं ठाकर आदिवासी कला आंगण चुकवू नका. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्यातच ते उभं केलं. त्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. चित्रकथी (चित्रं दाखवत सांगितलेली गोष्ट) आणि कळसूत्री बाहुल्या लहानग्यांनाही धरून ठेवतात.

एक दिवस संग्रहालय, एक दिवस वाडी. दोन्ही एका दिवसात कोंबू नका. वाडीवर सकाळी ८ ते ११ एवढं पुरे, मग जेवण आणि झोप. वारा देणं बघायचं असेल तर चारनंतर पुन्हा अर्धा तास.

पागोळी:
फारच उपयोगी, आभारी आहे. कुडाळ-पिंगुळी पट्टाच धरते. साप, विहीर वगैरेची काळजी कशी घ्यायची? आणि वाडी ठरवताना फोनवर काय विचारायचं?

गडगा:
फोनवर पहिला प्रश्न हा: “आम्ही येऊ त्या दिवशी तुमच्याकडे काय काम चालू असेल?” उत्तरात एखादं ठरावीक काम आलं तर जा. “मुलांना मजा येईल” एवढंच म्हणाले तर दुसरं घर शोधा. मग विचारा: जातं, व्हायन खरंच वापरात आहेत की शोभेला? विहिरीला कठडा किती उंच? मुलाच्या छातीच्या वर नसेल तर एका मोठ्या माणसाने फक्त विहिरीचीच राखण करायची. जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र कुठलं आणि तिथे सर्पदंशाचं इंजेक्शन आहे का?

सापांत फुरशाची भीती जास्त. ते हातभर लांबीचं, मातीच्याच रंगाचं असतं आणि गडग्यांच्या (दगड रचून केलेल्या कुंपणांच्या) फटीत, दगडाखाली, पाचोळ्यात दडतं. मुलांनी गडग्यावर चढायचं नाही, भाताच्या उडवीत (पेंढ्यांच्या ढिगात) हात घालायचा नाही, लपाछपी अंगणातच. संध्याकाळनंतर बंद बूट आणि विजेरी. दंश झालाच तर बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. तो अवयव हलू न देता मुलाला उचलून न्यायचं आणि १०८ ला फोन करायचा. गावातल्या उताऱ्यात एक मिनिटही घालवू नका.

बैलांच्या मागून जायचं नाही. बाजूने, त्यांना दिसेल असं जायचं आणि जवळ छत्री उघडायची नाही.

कुणगा:
पुढे कधी लावणीला यायचं मनात आलं तर: जून अखेर ते जुलै. तरवा (भाताची रोपं) २१ ते २५ दिवसांचा झाला की काढतात. दोन-तीन रोपांचा एक चूड, २० सेंमी × १५ सेंमी अंतर, खोली २ ते ३ सेंमी. मुलं रोप खोल खुपसतात आणि मग फुटवे कमी येतात. म्हणून शेतकऱ्याकडे २ मीटर × १ मीटरचा कोपराच मागा. त्यात ६५-७० चूड बसतात, मुलांना तेवढे पुष्कळ. पायाला खरचटलेलं असेल तर चिखलात अजिबात नाही. उंदरांच्या मुतातून पाण्यात लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) जंतू येतात. बाहेर आल्यावर साबणाने पाय धुवा, आणि पुढच्या महिन्याभरात ताप आला तर मूल भाताच्या चिखलात उतरलं होतं हे डॉक्टरांना आठवणीने सांगा. स्वतःहून गोळ्या देऊ नका.

काजूच्या हंगामात येणाऱ्यांसाठी: बोंडाची बी मुलांच्या हाती नको. टरफलातल्या तेलाने ओठ आणि बोटं भाजतात. दोडामार्ग भागात २०१६ साली माकडतापाची साथ झाली होती. तो गोचिडींमुळे पसरतो आणि त्याचे दिवस साधारण डिसेंबर ते मे. त्या काळात मुलांना रानात, पाचोळ्यात बसवू नका.

माजघर:
एक राहिलं. भात निघालेल्या कुणग्यात (भातशेताच्या तुकड्यात) याच दिवाळीच्या दिवसांत, ओल आहे तोवर कुळीथ पेरतात. पेरणी चालू असेल तर मुलांना मूठभर दाणे फेकायला मागा, चार वर्षांच्या मुलाला जमणारं सगळ्यात सोपं काम तेच. दहाबारा दाणे घरी आणून करवंटीत माती घालून पेरा. करवंटीला खाली भोक पाडा आणि पाणी फक्त शिंपडा. ओतलं तर दाणा कुजतो. चार-पाच दिवसांत कोंब दिसतो.