आइंडहोवनच्या पुरवठादार समूहाशी भागीदारी करायची आहे. सुरुवात कोठून करावी?

प्रश्न: मायक्रॉनवाला (भोसरी)

नमस्कार. भोसरी एमआयडीसीत आमचा सीएनसी यंत्रकामाचा लहान कारखाना आहे. चार व्हीएमसी (संगणक-नियंत्रित उभी मिलिंग यंत्रे), दोन टर्निंग सेंटर, एक सीएमएम (नगाची मापे तपासणारे यंत्र) आणि बावीस माणसे एवढाच पसारा असून गेली सतरा वर्षे आमचे बहुतेक काम वाहन उद्योगाचे राहिले आहे. इलेक्ट्रिक गाड्या वाढल्या की इंजिन आणि गिअरबॉक्सच्या भागांचे काय होणार, याची धास्ती आमच्यासारख्या अनेकांना आहे. म्हणून आसपासच्या सहा कारखानदारांनी एकत्र येऊन सेमीकंडक्टर यंत्रांना लागणारे भाग तयार करण्याकडे वळावे, असा विचार वर्षभरापासून चालू आहे.

या विषयात नेदरलँड्समधील आइंडहोवन परिसराचे नाव वारंवार समोर येते. चिप बनवण्यासाठी लागणारी यंत्रे तयार करणारी एएसएमएल ही कंपनी शेजारच्या वेल्डहोवनमध्ये आहे, आणि त्या भागातील उच्च तंत्रज्ञानाच्या पुरवठादारांची ‘ब्रेनपोर्ट इंडस्ट्रीज’ ही सहकारी संस्था असून तिचे शंभराहून अधिक सदस्य आहेत. एका सल्लागाराने आम्हाला असे सुचवले आहे की, आम्ही सहा जणांनी मिळून तिकडे शिष्टमंडळ न्यावे, त्या समूहाशी सामंजस्य करार करावा, म्हणजे पुढची कामे त्यातून आपोआप येऊ लागतील. या खटपटीसाठी त्याने सांगितलेली फी आमच्या वर्षभराच्या टूलिंगच्या खर्चाएवढी आहे.

अशा समूहाशी भागीदारी म्हणजे प्रत्यक्षात काय असते, सामंजस्य कराराचा कितपत उपयोग होतो, आणि सहा जणांनी एकत्र जावे की एकेकट्याने, हे जाणकारांनी सांगावे. आमची मापे पाच मायक्रॉनच्या आत बसतात आणि आमचे दर तिकडच्या दरांपेक्षा बरेच कमी राहतील. एवढ्या भांडवलावर दार उघडेल का?

उत्तर १: वेल्डहोवनकर

मूळचा मी सांगलीचा. गेली अकरा वर्षे या परिसरातील एका पुरवठादार कंपनीच्या खरेदी विभागात काम करतो, त्यामुळे आपला प्रश्न मला टेबलाच्या पलीकडच्या बाजूने दिसतो.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. समूह ऑर्डर देत नाही. ऑर्डर देते ती त्यातली एखादी कंपनी. ब्रेनपोर्ट इंडस्ट्रीज ही सहकारी संस्था आहे हे ऐकून मराठी माणसाला प्रवरानगर आठवावे हे स्वाभाविक आहे, पण साखर कारखान्यात सगळ्यांचा ऊस एकाच गव्हाणीत पडतो, तसे येथे होत नाही. येथील सदस्य एकमेकांचे ग्राहक असतात आणि पुष्कळदा स्पर्धकही असतात. ते एकत्र येतात ते प्रशिक्षण, संशोधन, पुरवठ्याच्या पद्धती आणि सामायिक जागा अशा ठरावीक बाबींपुरते. विमानतळाजवळच्या ‘ब्रेनपोर्ट इंडस्ट्रीज कॅम्पस’मध्ये कारखाने आणि कौशल्य शिक्षण देणारे एक महाविद्यालय एकाच छताखाली आहेत. आपल्याकडची आयटीआय एखाद्या कारखान्याच्या शॉपफ्लोअरला लागूनच भरावी, तसा हा प्रकार आहे. सामंजस्य करार झालाच तर तो अशा विषयांवर होईल. त्यातून ओळखी होतील, छायाचित्रही निघेल, परंतु ड्रॉइंग, म्हणजे प्रत्यक्ष काम, हाती येणार नाही.

हा समूह कसा घडला हे माहीत असणे आपल्या उपयोगाचे आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. १९९० मध्ये फिलिप्सने ‘ऑपरेशन सेंच्युरियन’ या नावाने मोठी कपात सुरू केली आणि जगभरातील हजारो माणसांची नोकरी गेली. पाठोपाठ १९९३ मध्ये डाफ ही ट्रक बनवणारी कंपनी दिवाळखोरीत निघाली. शहराचे दोन्ही आधार एकदम डळमळले तेव्हा नगराध्यक्ष, तंत्रविद्यापीठाचे प्रमुख आणि व्यापारी मंडळाचे अध्यक्ष एकत्र बसले, आणि परिसरातील २१ नगरपालिकांना बरोबर घेऊन पुढची आखणी झाली. फिलिप्सने आपले अनेक विभाग वेगळे केले किंवा विकले; ‘फिलिप्स एनेबलिंग टेक्नॉलॉजीज’ हा यंत्रनिर्मितीचा विभाग २००६ मध्ये व्हीडीएल या कौटुंबिक उद्योगसमूहाने घेतला. खुद्द एएसएमएलचा जन्मही १९८४ मध्ये फिलिप्स आणि एएसएम इंटरनॅशनल यांच्या भागीदारीतून झालेला आहे. थोडक्यात, आज वेगवेगळ्या कंपन्यांत बसलेली किंवा निवृत्त झालेली पुष्कळ माणसे एकेकाळी एकाच कँटीनमध्ये जेवत होती. एखादा भाग बिघडला तर येथे आधी फोन जातो आणि करार कोणी नंतर उघडून पाहतो. हा विश्वास सभासद वर्गणी भरून मिळत नाही.

असे असूनही आपल्याला येथे वाव आहे, आणि त्याचे कारण दर हे नाही. परिसराची वाढ एवढी झाली आहे की कुशल माणसे मिळत नाहीत, त्यांना घरे मिळत नाहीत, आणि नव्या कारखान्याला वीजजोडणीसाठीही थांबावे लागते. याच कारणाने डच सरकारने २०२४ मध्ये ‘प्रोजेक्ट बीथोव्हन’ या नावाने अडीच अब्ज युरोंची योजना जाहीर केली. माझ्यासारख्या खरेदी करणाऱ्यापुढे खरी अडचण असते ती क्षमतेची. एखादा कारखाना महिन्याला चार-सहा नगांचे गुंतागुंतीचे काम वेळेवर आणि प्रत्येक वेळी सारखेच करून देत असेल, तर त्याचा पत्ता मी स्वतः शोधीन. ‘आम्ही तुमच्यापेक्षा स्वस्त आहोत’ या वाक्याने सुरू होणारी पत्रे मात्र आठवड्याला पाच-सहा येतात आणि ती मी पूर्ण वाचत नाही.

एएसएमएलच्या दारात थेट जाऊ नये. तिचे पाच हजारांहून अधिक पुरवठादार आहेत आणि नव्या लहान कारखान्याला पुरवठा साखळीच्या तिसऱ्या किंवा चौथ्या पायरीवरच, म्हणजे पुरवठादाराचा पुरवठादार म्हणूनच, जागा मिळते. दर नोव्हेंबरात डेन बॉश येथे ‘प्रिसिजन फेअर’ भरते. आइंडहोवनहून रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत पोहोचता येते. शिष्टमंडळाऐवजी तुमच्यापैकी दोघांनी यावे, आणि त्यातला एक तरी रोज मशीनवर उभा राहणारा असावा. बरोबर माहितीपत्रकांऐवजी तुमचा सर्वांत अवघड नग आणि त्याचा सीएमएम अहवाल आणावा.

उत्तर २: जुना टर्नर (पिंपरी)

वेल्डहोवनकरांनी लिहिलेले सर्व मान्य आहे. फक्त ‘मापे पाच मायक्रॉनच्या आत बसतात’ या वाक्यावर मला थांबावेसे वाटते, कारण त्याच वाक्याच्या भरवशावर मी एकदा तोंडघशी पडलो आहे.

काही वर्षांपूर्वी युरोपातील एका कंपनीकडून आम्हाला निर्वात कक्षात बसणाऱ्या स्टीलच्या चोवीस नगांचे चाचणी काम मिळाले. मापे उत्तम आली. माल परदेशी जाणार म्हणून आम्ही नेहमीप्रमाणे प्रत्येक नग व्हीसीआय (गंजरोधक) कागदात गुंडाळला, वर पॉलिथिन घातले आणि पेट्या रवाना केल्या. वाहन उद्योगात हे चोख पॅकिंग समजले जाते. तीन आठवड्यांनी सर्व नग नाकारल्याचे पत्र आले आणि मापांबद्दल त्यात चकार शब्द नव्हता. ज्या कागदाचे कामच मुळी वाफ सोडून धातूवर थर बसवणे हे आहे, त्या कागदात आम्ही निर्वातात जाणारा भाग गुंडाळला होता!

या क्षेत्रात स्वच्छता हा मोजमापाचाच भाग आहे. एएसएमएलच्या अत्याधुनिक यंत्रात १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश वापरतात आणि तो हवेतसुद्धा शोषला जातो, म्हणून त्याचा सारा मार्ग निर्वातात ठेवावा लागतो. तेथे तेलाचा अंश राहिला तर त्याचे रेणू आरशांवर जाऊन बसतात, प्रकाशाने फुटतात आणि कार्बनचा थर तयार होतो. त्यामुळे आपल्या शॉपमधल्या साध्या साध्या सवयी तपासाव्या लागतात. कूलंट कोणते आहे, शेजारच्या मशीनवर कोणी सिलिकॉन स्प्रे मारतो का, फिक्श्चरमध्ये पितळ आहे का (पितळेतले जस्त निर्वातात बाहेर पडते, त्याचा घासलेला अंशही नको), नग हातमोज्यांशिवाय कोणी उचलतो का. सर्वांत त्रासदायक असते ते आरपार नसलेले टॅप केलेले, म्हणजे आतून आटे पाडलेले, भोक. वरून नग लखलखीत दिसतो आणि एम४ च्या भोकाच्या तळाशी टॅपिंगचे तेल तसेच राहते. आम्ही पुढे अशा प्रत्येक भोकासाठी धुण्याची वेगळी पायरी लिहून काढली, भोके खाली तोंड करून नग टांगायचे स्टँड बनवले, आणि शेवटचे धुणे क्षाररहित पाण्यात सुरू केले.

दुसरे असे की वाहन उद्योगाने आपल्याला लाखांच्या हिशेबाने विचार करायला शिकवले आहे. पहिले पाचशे नग सेटिंगमध्ये गेले तरी पुढच्या पन्नास हजारांत ते वसूल होतात. येथे ऑर्डरच चार नगांची असते, पहिलाच नग बरोबर यावा लागतो, आणि पुढच्या वर्षी तुम्ही परस्पर टूल किंवा कूलंट बदलले तर तेही कळवून मान्यता घ्यावी लागते. मी पाहिलेल्यांपैकी निम्मे कारखानदार या कागदोपत्री शिस्तीला कंटाळून परतले.

सहा जणांनी एकत्र येण्याला माझा पाठिंबा आहे, परंतु ते विक्रीसाठी नसावे. ग्राहकाला सही करणारा आणि जबाबदारी घेणारा एकच माणूस हवा असतो. एकत्र या ते स्वच्छ खोली, अल्ट्रासॉनिक धुलाई आणि नगातून निघणारे वायू तपासण्याची सोय यांसाठी, कारण ही गुंतवणूक एकट्या लहान कारखान्याला पेलत नाही. केंद्र सरकारच्या सूक्ष्म आणि लघुउद्योग समूह विकास योजनेत सामायिक सुविधा केंद्राला अनुदान मिळते. २०२२ च्या सुधारित सूचनांनुसार ५ ते १० कोटींच्या प्रकल्पाला ७० टक्के आणि १० ते ३० कोटींच्या प्रकल्पाला ६० टक्क्यांपर्यंत केंद्राचा वाटा असतो. त्यासाठी स्वतंत्र संस्था स्थापन करावी लागते आणि सहा जणांवर भागत नाही, आणखी सदस्य जोडावे लागतील. चिंचवडचे ऑटो क्लस्टर आणि वाळूजचे मराठवाडा ऑटो क्लस्टर एकदा निवांत पाहून या. सामायिक यंत्र कोणी किती तास वापरायचे, यावरून सदस्यांत कुरबुरी कशा होतात आणि त्या कशा मिटवतात, हे तेथील माणसांना आवर्जून विचारा.

उत्तर ३: निर्यात-कागद

एका मुद्द्याची भर घालतो. नेदरलँड्सने १ सप्टेंबर २०२३ पासून काही प्रगत सेमीकंडक्टर यंत्रांच्या निर्यातीला परवाना सक्तीचा केला आहे. नियंत्रित यंत्राशी संबंधित ड्रॉइंग ईमेलने पाठवणे हेही तंत्रज्ञानाची निर्यात ठरू शकते. अशा संवेदनशील वस्तू व तंत्रज्ञानाच्या निर्यातीवर नियंत्रण ठेवणाऱ्या देशांच्या वासेनार व्यवस्थेचा भारत डिसेंबर २०१७ पासून सदस्य आहे आणि आपल्याकडे ‘स्कोमेट’ ही निर्यात-नियंत्रित वस्तूंची यादी लागू आहे. त्यामुळे ड्रॉइंग कोणत्या संगणकावर उघडले जाते, ते कोण पाहते आणि काम बाहेर दिले तर ते कोठे जाते, याची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा. सहा कारखान्यांच्या सामायिक व्हॉट्सॲप गटावर ड्रॉइंग टाकण्याची आपली सवय येथे महागात पडेल.

मायक्रॉनवाला (भोसरी)

सर्वांचे मनापासून आभार. आज दुपारी सहाही जण भेटलो आणि सल्लागाराला तूर्त नकार कळवला. मी आणि आमचे प्रोग्रॅमर असे दोघे नोव्हेंबरात प्रदर्शनाला जाणार आहोत. जुन्या टर्नर साहेबांचे उत्तर वाचून शॉपमध्ये सहज फेरी मारली, तर कॉम्प्रेसरच्या हवेच्या नळीवर तेलाचा थर दिसला. याच हवेने आम्ही रोज प्रत्येक नग ‘स्वच्छ’ करतो. तेलविरहित कॉम्प्रेसर घ्यावा, की चांगला फिल्टर बसवून सध्या भागेल?

जुना टर्नर (पिंपरी)

चाचणीच्या नगांपुरता फिल्टर चालेल, पण तो वेळच्या वेळी बदलल्याची तारीख लिहून ठेवा; ग्राहकाचा माणूस तपासणीला आला की तो कागद मागेल. आणि शेवटच्या धुण्यानंतर त्या नळीची हवा नगावर अजिबात मारू नका.