८०० रुपयांचं तिकीट हजाराच्या वर कसं जातं?

मुक्ता_ठाणे
गाण्याच्या मैफलीची चार तिकिटं ऑनलाइन काढायची आहेत. कार्यक्रमाच्या पानावर दर ८०० रुपये, पण पैसे भरायच्या पानावर एकूण ४१५३.६० दिसतात. फोड अशी: तिकिटं ३२००, त्यावर कर ५७६, बुकिंग फी ३२०, फीवर कर ५७.६०. म्हणजे तिकीट पडलं १०३८.४० ला. फीवर पुन्हा कर कसा? शास्त्रीय गाण्याला जीएसटी माफ असतो ना? आणि खिडकीवर जाऊन घेतलं तर नक्की किती वाचतील?

हिशेबनीस
आकडेमोड बरोबर आहे. तिकीट विकतो आयोजक आणि बुकिंगची सेवा विकतं संकेतस्थळ, म्हणून कर दोन ठिकाणी लागतो.

आधी तिकीट. नाटक, नृत्य, मैफल, सर्कस यांच्या प्रवेशाला माणशी ५०० रुपयांपर्यंत जीएसटी माफ आहे. सुरुवातीला ही मर्यादा २५० होती, जानेवारी २०१८ पासून ५०० झाली. ती माणशी असल्यामुळे ५०० ची चार तिकिटं एकत्र काढून २००० झाले तरी कर शून्यच. मात्र ५०० च्या वर एक रुपया गेला की १८ टक्के पूर्ण रकमेवर बसतो, वरच्या रुपयावर नाही. ५०० चं तिकीट ५०० ला पडतं आणि ५०१ चं ५९१.१८ ला. इतक्या कार्यक्रमांचे दर ४९९ किंवा ५०० वर का अडकलेले असतात ते यावरून कळेल. (सिनेमाची पायरी वेगळी, तिथे माफी नाही, १०० रुपयांच्या वर-खाली कराचा दर बदलतो. आयपीएलच्या तिकिटाला तर सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के.)

शास्त्रीय गाण्याच्या माफीबद्दल नेहमी घोळ होतो. ती माफी कलाकाराच्या मानधनाला आहे: लोककला किंवा शास्त्रीय संगीत, नृत्य, नाट्य सादर करणाऱ्याचं मानधन दीड लाखापर्यंत असेल तर त्यावर कर नाही. प्रेक्षकाच्या तिकिटाशी तिचा संबंध नाही. ८०० च्या तिकिटावर, गाणारं कुणीही असो, १८ टक्के लागणारच.

आता फी. तिला कन्व्हिनियन्स फी म्हणा, प्लॅटफॉर्म फी म्हणा, इंटरनेट हँडलिंग म्हणा, ती सेवाच आहे आणि तिच्यावर १८ टक्के. तिकीट ३०० चं असून करमुक्त असलं तरी फीवरचा कर सुटत नाही.

खिडकीवर फक्त फी आणि फीवरचा कर वाचतो, म्हणजे तुमच्या हिशेबात ३७७.६०. तिकिटावरचे ५७६ तिथेही द्यावेच लागतील. रिक्षाचं जाणं-येणं दीडशेच्या आत होत असेल तर जा.

बिनीचा_प्रेक्षक
महाराष्ट्रात बुकिंग फीला बंदी आहे ना? सरकारचा आदेश निघाला होता.

कलम_बोरू
होता, आता नाही. आणि तो मैफलींसाठी नव्हताच. २०१३ आणि २०१४ मध्ये राज्य सरकारने करमणूक शुल्काच्या कायद्याखाली आदेश काढून चित्रपटगृहांना ऑनलाइन तिकिटावर जादा शुल्क घ्यायला मनाई केली होती. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये ते आदेश रद्द केले. त्या कायद्यात सरकारला असा अधिकारच दिलेला नाही आणि कलम १९(१)(छ) मधल्या व्यवसाय-स्वातंत्र्यावर ही गदा आहे, असा मुद्दा होता. तेव्हा ‘फी बेकायदा आहे’ म्हणून भांडण्यात अर्थ नाही.

भांडायचं असेल तर फी कशी दाखवली यावर भांडा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला ‘डार्क पॅटर्न’विरोधी (म्हणजे ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या पानांच्या रचनेविरोधी) मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यात तेरा प्रकार आहेत. दराचे भाग सुरुवातीला न दाखवता नंतर हळूच पुढे आणणं हा त्यातला एक (ड्रिप प्रायसिंग). तुम्ही न मागितलेली वस्तू, विमा किंवा देणगी टोपलीत घालून ठेवणं हा दुसरा (बास्केट स्नीकिंग). आधीच टिक केलेली ‘तिकीट संरक्षण’ किंवा एक-दोन रुपये देणगीची चौकट दिसली तर ती या दुसऱ्यात सरळ बसते. फी पैसे भरण्याआधी निदान दाखवलेली असते, म्हणून ड्रिप प्रायसिंगची बाजू माझ्या मते जरा लंगडी आहे.

तक्रारीला १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक. फोन करण्याआधी दोन स्क्रीनशॉट हवेत: कार्यक्रमाच्या पानावरचा दर आणि पैसे भरण्याच्या पानावरची फोड, दोन्हींवर तारीख-वेळ दिसेल असे. नुसतं ‘जास्त पैसे घेतले’ एवढ्यावर तक्रार पुढे सरकत नाही.

मुक्ता_ठाणे
ती चौकट होती खरी, काढून टाकली. यूपीआयने पैसे भरले तर फी कमी व्हायला नको का?

पडद्यामागे
नाही होणार, कारण ती पैसे भरण्याचा खर्च म्हणून घेतलीच जात नाही. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्याला एमडीआर (व्यवहारामागे त्याच्याकडून कापलं जाणारं शुल्क) शून्य आहे. फीमध्ये खुर्च्यांचा नकाशा, खुर्ची काही मिनिटं अडवून ठेवण्याची यंत्रणा, संदेश, दारावरचं स्कॅनिंग यांचा खर्च येतो आणि नफाही. करारानुसार तिच्यातला वाटा आयोजकाला किंवा सभागृहालाही मिळू शकतो. फी प्रेक्षकाच्या माथी मारायची की आयोजकाने स्वतः सोसायची, असा पर्याय काही संकेतस्थळं आयोजकालाच देतात. म्हणून एकाच संकेतस्थळावर दोन कार्यक्रमांची फी वेगळी दिसते.

फी टक्क्यांत आहे, तिकिटामागे ठरावीक आहे की व्यवहारामागे एकच आहे, हे पैसे न भरता कळतं. एक तिकीट निवडून शेवटच्या पानापर्यंत जा, फी टिपा, मागे या. मग दोन तिकिटं आणि त्यानंतर दुसऱ्या दराचं एक. दोन तिकिटांना फी तेवढीच राहिली तर ती व्यवहारामागे आहे. सगळ्यांची तिकिटं एकाच वेळी काढा. दुप्पट झाली आणि महाग तिकिटालाही तेवढीच असली तर तिकिटामागे. फोडून घ्या की एकत्र, फरक नाही. दराबरोबर वाढली तर टक्क्यांत. एक अडचण: अडवलेली खुर्ची सुटायला काही मिनिटं लागतात, त्यामुळे दुसऱ्यांदा तीच रांग ‘विकली गेली’ अशी दिसेल. घाबरू नका, थांबा. विक्री सुरू झाल्या झाल्या रांग लागणाऱ्या मोठ्या कॉन्सर्टला मात्र हा उद्योग नको, तिकीटच जाईल.

कार्डाची सवलत बहुधा मूळ दरावर आणि कमाल मर्यादेपर्यंत असते, फी तशीच राहते. ‘एकावर एक’मध्ये फुकटच्या तिकिटालाही फी लागते का ते शेवटच्या पानावर बघा.

नाटकांना खिडकीचा फायदा जास्त. खिडकीवरच्या आणि ऑनलाइन खुर्च्या वेगळ्या राखलेल्या असतील तर ऑनलाइन ‘हाऊसफुल्ल’ असूनही खिडकीवर मिळू शकतात. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत फोन बुकिंगचा क्रमांक असेल तर आधी विचारून घ्या. मैदानावरच्या कॉन्सर्टला मात्र आगाऊ खिडकीच नसते बहुतेकदा.

एडिसनकर
अमेरिकेत मे २०२५ पासून फेडरल ट्रेड कमिशनच्या नियमाने कार्यक्रमाच्या तिकिटाची सक्तीच्या फीसकट एकूण किंमत पहिल्यापासून दाखवावी लागते. सरकारी कर त्याबाहेर ठेवता येतात. फी कमी झाली असं समजू नका, फक्त ती लपत नाही. सर्व्हिस फी, सभागृहासाठीची फॅसिलिटी फी आणि ऑर्डरमागची प्रोसेसिंग फी अशी फोड असते. फॅसिलिटी फी बॉक्स ऑफिसवरही लागू शकते, तेव्हा गाडी काढण्याआधी तिथे फोन करा.

मुक्ता_ठाणे
कार्यक्रम रद्द झाला तर ४१५३ पैकी किती परत येतात?

हिशेबनीस
संकेतस्थळाच्या अटींत ‘रिफंड’खाली फीचा उल्लेख शोधा. ‘फी परत मिळणार नाही’ असं लिहिलेलं असेल तर ३७७.६० गेले. तिकिटाचे ३२०० आणि त्यावरचा कर ५७६ मात्र एकत्र परत यायला हवेत, कारण प्रवेशच दिला नाही तर त्यावरचा कर ठेवून घ्यायचं कारण नाही. नुसते ३२०० आले तर लेखी विचारा. कार्यक्रम पुढे ढकलला असेल तर परताव्याला मुदत असते, ईमेल लगेच वाचा.

बिल डाउनलोड करून ठेवाच. तिकिटावर कर लावला असेल तर आयोजकाचा जीएसटी क्रमांक हवा: पंधरा अक्षरं, महाराष्ट्रात नोंदणी असेल तर सुरुवात २७ ने. जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करता करदाता शोधता येतो, तिथे क्रमांक टाकून नाव जुळतं का बघा. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत म्हणून नोंदणी न केलेल्या छोट्या मंडळाला तिकिटावर जीएसटी लावताच येत नाही. तरीही बिलात १८ टक्के असतील तर पहिली विचारणा आयोजकाकडे, संकेतस्थळाकडे नव्हे.