टोयोटा आधी माग बनवायची म्हणतात, खरं का? आणि जुन्या इनोव्हाला एवढा भाव कशामुळं?

पूर्वभागकर
नमस्कार मंडळी. आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागातलं, आजोबांपासून मागाचा धंदा, आधी हातमाग, मग पॉवरलूम, चादर कधीच बंद झाली, आता नुसते टॉवेल करतोय. धाकट्या भावाला ह्यात पडायचं नाही, त्याला टूरिस्टचं काम सुरू करायचंय. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर, गाणगापूर ह्या लाईनला वर्षभर गिऱ्हाईक असतंय, ते बरोबरच आहे त्याचं. म्हणून सेकंडहँड इनोव्हा बघायलोय. पण भाव ऐकून डोकं चालेना, दहा-बारा वर्षं जुनी गाडी, सीट फाटलेले, आणि मालक म्हणतो एक रुपया कमी होणार नाही, घ्यायची तर घ्या नायतर दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे. त्याच किमतीत दुसऱ्या कंपनीची बरीच नवी गाडी येते.
घरात हा विषय चालला होता तर काका म्हणाले, टोयोटा म्हणजे आपल्याच धंद्यातली कंपनी, ते लोक आधी माग करायचे. मला हे माहीतच नव्हतं. कुणाला नीट माहिती असेल तर सांगा, मागवाला माणूस मोटारीत कसा गेला? आणि ह्या गाडीवर लोकांचा जो विश्वास आहे तो नुसता नावाचा आहे का आत खरंच काही आहे?

जुना जॉबर
काका बरोबर बोलले. मी जन्मभर लूम रिपेरीचं काम केलंय, हा माझ्या आवडीचा विषय आहे, जरा लांबण लागेल, वाचून घ्या.
साकिची टोयोडा हा मूळ माणूस. जन्म १८६७, बाप सुतार, गाव लहान, घरोघरी बायका हातमागावर विणायच्या. आईचे कष्ट बघून ह्याच्या डोक्यात बसलं की माग सुधारायचा. १८९० ला त्यानं लाकडी हातमाग केला, एका हातानं चालणारा, पुढच्या वर्षी त्याचं पेटंट मिळालं. मग वाफेवरचा पॉवरलूम. आणि मग जी गोष्ट केली ती आपल्या सोलापूरच्या माणसाला लगेच कळेल. साध्या मागावर धोट्यातली (आडवा धागा घेऊन इकडून तिकडं पळतो तो धोटा) सुताची कांडी संपली की माग थांबवायचा, धोटा काढायचा, नवी कांडी घालायची, परत चालू. आणि ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांतली, एक तार तुटली आणि तेवढ्यात तुमचं लक्ष दुसऱ्या मागावर असलं, तर हातभर कापड खराब होऊन जातं, तो माल सेकंडमध्येच जातो. साकिचीनं १९२४ ला मुलगा किचिरोला सोबत घेऊन जो ऑटोमॅटिक माग पुरा केला, टाईप जी म्हणतात त्याला, त्यात माग चालू असतानाच धोटा आपोआप बदलायचा, वेग जराही कमी न होता. आणि ताण्याची नाहीतर बाण्याची, म्हणजे आडव्या धाग्याची, तार तुटली की माग जागेवर बंद. एक माणूस तीसेक माग बघू शकायचा. आमच्या इथं एका माणसाला चार माग दिले तरी त्याची दिवसभर पळापळ असायची, त्यावरून हिशोब करा.
१९२६ ला हे माग करायला त्यांनी करिया गावात टोयोडा ऑटोमॅटिक लूम वर्क्स काढली. १९२९ ला इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनं त्याचे पेटंट हक्क घेतले. ओल्डहॅमची प्लॅट म्हणजे तेव्हा सूत आणि कापडाच्या मशिनरीतली जगातली एक नंबरची कंपनी. जपानच्या सुताराच्या पोराकडून इंग्लंडनं मागाचं तंत्र विकत घ्यावं, ही केवढी मोठी गोष्ट आहे बघा. दुसऱ्याच वर्षी, १९३० मध्ये साकिची गेला. मोटार त्यानं स्वतः बनवली नाही, ती पोरानं.

नागोयातून
मी मूळची सोलापूरची, सात रस्त्याजवळ माहेर, नोकरीमुळं सध्या जपानमध्ये नागोयात असते. जॉबर काका, तुम्ही सांगितलेला तो टाईप जी माग मी चालू असताना पाहिलाय! इथं टोयोटाचं उद्योग-तंत्रज्ञानाचं म्युझियम आहे, १९९४ ला उघडलं, जुन्या कापड कारखान्याच्या लाल विटांच्या इमारतीत. आत शिरल्या शिरल्या गाडी नाही, १९०६ सालचा गोल माग उभा आहे. मग पहिलं अख्खं दालन चरखे, सूतकताई आणि मागांचं, मोटारी त्यानंतर. तिथला माणूस मुद्दाम धागा तोडून दाखवतो, आणि माग खट्कन थांबतो. लहानपणी शेजारच्या कारखान्याचा खटाखट आवाज ऐकत झोपायची सवय, त्यामुळं मी तिथून हललेच नाही बराच वेळ, बरोबरचे लोक गाड्यांच्या दालनात जाऊन आले तरी मी तिथंच.
एक गोष्ट मात्र नीट सांगायला हवी. सगळीकडं असं लिहितात की प्लॅटकडून एक लाख पौंड मिळाले आणि त्यातून मोटार कंपनी निघाली. करार तेवढ्याचा झाला हे खरं, पण पैसे हप्त्यानं यायचे आणि पुढं रक्कम कमीही करून घेतली गेली. मोटारीला खरा आधार मिळाला तो मागाच्या कंपनीचा. १९३३ ला किचिरोनं त्या लूम वर्क्समध्येच मोटारीचा विभाग उघडला. एक शेवरोले आणून पूर्ण खोलली, पार्ट मोजले, अभ्यास केला. सर्वात त्रास झाला तो इंजिनच्या ब्लॉकच्या कास्टिंगचा, मागाचे बिडाचे पार्ट ओतणं वेगळं आणि सिलिंडर ब्लॉक ओतणं वेगळं, ढिगानं ब्लॉक वाया गेले. तरी १९३५ मध्ये जी वन ट्रक आला, १९३६ ला एए नावाची पहिली कार, सहा सिलिंडर, ३.४ लिटर इंजिन. १९३७ च्या ऑगस्टमध्ये टोयोटा मोटर वेगळी कंपनी झाली. कारखाना काढला कोरोमो गावात, ते गाव पूर्वी रेशमाचं, रेशमाचा धंदा बसलेला होता. १९५९ ला त्या गावाचं नावच टोयोटा झालं.
तेव्हा जपानमध्ये फोर्ड आणि जनरल मोटर्स सुटे भाग आणून गाड्या जोडून विकत होत्या, त्यांच्यापुढं उभं राहायचं म्हणजे साधी गोष्ट नव्हती. सरकारनं १९३६ च्या कायद्यानं परदेशी कंपन्यांना लगाम घातला त्याचाही ह्यांना फायदा झाला, हे पण लक्षात ठेवा.

चिंचोळी शिफ्टवाला
आत काही आहे का विचारलंत, तर माझ्या मते सगळं त्या तुटलेल्या तारेत आहे. मी ऑटो पार्टच्या कारखान्यात क्वालिटीला आहे, आमच्याकडं रोज जे शब्द बोलतात ते सगळे तिकडून आलेले. जिदोका म्हणजे मशीनला चूक कळली की ते स्वतः थांबणार, खराब पार्ट पुढं पाठवणार नाही. मागावर जे होतं तेच असेंब्ली लाईनवर. कामगाराला काही चुकीचं दिसलं की त्यानं दोरी ओढायची, दिवा लागतो, सुपरवायझर पळत येतो, वेळेत जमलं नाही तर लाईन थांबते. आपल्याकडच्या कारखान्यांत लाईन थांबवणाऱ्याला शिव्या पडतात, तिथं न थांबवणाऱ्याला विचारतात. हे लिहायला सोपं आहे पण करायला फार अवघड, मी रोज बघतो, महिन्याचा आकडा गाठायचा असला की सगळे म्हणतात पाठव रे पुढं, बघू नंतर.
ही सगळी पद्धत ज्यानं बसवली तो ताईची ओनो, तोही मूळचा कापडवालाच, १९३२ ला टोयोडाच्या सूत-कापडाच्या कंपनीत लागला आणि १९४३ ला मोटारीकडं आला. दुसरी बाजू म्हणजे लागेल तेवढंच, लागेल तेव्हाच बनवायचं, गोडाऊन भरून ठेवायचं नाही, हा विचार किचिरोचा. ह्यात हौस नव्हती, पैसाच नव्हता. १९५० ला तर कंपनी बुडायच्या बेतात, माणसं कमी करावी लागली, मोठा संप झाला, आणि किचिरोनं जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. त्याच वर्षी कोरियाचं युद्ध पेटलं, अमेरिकन सैन्यानं ट्रकच्या ऑर्डरी दिल्या, कंपनी तरली. किचिरो १९५२ ला वारला, कोरोलाचे दिवस त्याला दिसलेच नाहीत. मला ह्या माणसाबद्दल फार वाटतं. बापाचं नाव सगळे घेतात, गाडीचं नाव सगळे घेतात, मधल्या ह्याचं कोण घेत नाही.
आणि एक. टोयोटा भारतात किर्लोस्करांबरोबर आली १९९७ ला, बंगळुरूजवळ बिडदीला कारखाना. पण त्याच्याही आधी, १९९५ ला, किर्लोस्कर आणि टोयोडा मिळून सूतगिरणीची मशिनरी करणारी कंपनी निघाली होती. म्हणजे आपल्या देशातही आधी सूत आलं आणि मग मोटार.

एमएच तेरा
वरचं सगळं वाचलं, लय भारी माहिती, आता धंद्यातलं मी सांगतो. मी टोयोटाच्या क्वालिसपासून हाय ह्या लाईनीत. क्वालिस २००० ला आली तेव्हा लोक दिसायला नाव ठेवायचे, खोक्यावानी दिसती म्हणायचे, पण ज्यानं एकदा घेतली त्यानं दुसरी गाडी बघितली नाही. २००५ ला चांगली चालत असताना कंपनीनं बंद केली आन् इनोव्हा आणली, तवा आम्हाला वाटलं हे काय केलं. पण इनोव्हात बसल्यावर कळलं. पहिल्या इनोव्हाचं अडीच लिटरचं डिझेल, खाली ट्रकसारखी चॅसी, मागच्या चाकाला ओढ. माणसं सात, टपावर बॅगा, एसी चालू, आन् तुळजापूरचा घाट, गाडी दम खात नाही. पाठीमागं बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला पंढरपूरपर्यंत कंबर धरत नाही. गिऱ्हाईक फोनवरच विचारतंय, इनोव्हा हाय का? नसली तर दुसरीकडं फोन लावतंय. भावाला सांगा, जास्तीचा पैसा गाडीला नाही, ह्या फोनला लागतोय.
आन् रस्त्यात उभी राहत नाही ही मोठी गोष्ट. रात्री दोनला कुठंतरी उमरग्याच्या पुढं गाडी बंद पडली, आत लेकरंबाळं असली, की ड्रायव्हरचं काय होतं ते ड्रायव्हरलाच ठाऊक. विकायला काढली तर आठवड्यात जाती. पार्ट महाग हाय, ते मान्य, पण सारखं सारखं लागत नाही. लाखांनी किलोमीटर पळालेल्या गाड्या अजून ह्या रोडला रोज दिसतेत.

होटगी रोड
सगळं मान्य, टोयोटा चांगलीच आहे, पण पूर्वभागकर भाऊ, नाव बघून डोळे झाकू नका. एक म्हणजे आज शोरूममध्ये टोयोटाचा लोगो असलेली प्रत्येक गाडी टोयोटानं घडवलेली नाही. ग्लान्झा म्हणजे बलेनो, रुमियन म्हणजे अर्टिगा, सुझुकीबरोबर करार आहे त्यांचा. गाड्या वाईट नाहीत, पण इनोव्हाची पुण्याई त्यांच्या खात्यावर टाकू नका.
दुसरं, वर दोरी ओढून लाईन थांबवायचं लिहिलंय, ते वाचून बरं वाटलं, पण जानेवारी २०२४ ला काय झालं तेही लिहायला पाहिजे. डिझेल इंजिनांच्या पॉवर टेस्टमध्ये गडबड निघाली, टेस्टला वेगळं सॉफ्टवेअर वापरून आकडे एकसारखे दाखवले होते. आपल्याकडं इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर आणि हायलक्सची डिलिव्हरी काही दिवस थांबवावी लागली, नंतर परत सुरू झाली. आणि ती इंजिनं करणारी कंपनी कोण, तर टोयोटा इंडस्ट्रीज. म्हणजे साकिचीची तीच मागाची कंपनी. मला त्याचं खरंच वाईट वाटलं. बाकी कुणी केलं असतं तर एवढं लागलं नसतं.

चिंचोळी शिफ्टवाला
होटगी रोड, बरोबर आहे तुमचं, ते झाकण्यासारखं नाहीच. मी फक्त एवढंच म्हणेन की इंजिनात दोष होता म्हणून नव्हे, कागदावरच्या टेस्टमध्ये लबाडी झाली म्हणून ते प्रकरण झालं, आणि कंपनीनं ते स्वतः जाहीर करून डिलिव्हरी थांबवली. पण चूक ती चूकच. तार तुटलेली दिसत असताना माग चालू ठेवला कुणीतरी.

पूर्वभागकर
काय बोलावं कळत नाही, एवढं सगळं मिळेल वाटलं नव्हतं. काकांना सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं, त्यांनी जॉबर मामांचा भाग दोनदा वाचायला लावला, आणि टाईप जी माग बघायची इच्छा झालीय त्यांना. नागोयाच्या ताई, चालू मागाचा व्हिडिओ असेल तर जरूर टाका, त्यांचं वय झालंय, तिकडं जाणं होणार नाही.
भावाचं म्हणाल तर तो क्रिस्टाच्या आधीच्या इनोव्हावर अडून बसलाय, बजेट तेवढंच. एमएच तेरा दादा, बघायला गेल्यावर काय काय तपासू?

नागोयातून
व्हिडिओ आहे भाऊ, रविवारी टाकते. धोटा बदलतो तो भाग हळू करून टाकते, म्हणजे काकांना नीट दिसेल.

एमएच तेरा
पहिलं, गाडी बघायच्या आधी आरटीओत जाऊन विचारा, जुन्या गाडीला टूरिस्ट परमिट घेताना वयाची अट आडवी येती, पांढऱ्या पाटीची गाडी घेऊन नंतर अडकलेली माणसं मला माहिती हायत. मग सकाळी जावा, इंजिन थंड असताना स्टार्ट करायला सांगा, मालक आधीच गरम करून ठेवत असेल तर परत जावा. धूर बघा, काळा का पांढरा. टायमिंग बेल्ट कधी बदलला ते तोंडी नको, सर्व्हिसच्या बिलावर बघा, बिल नसेल तर बदललाच नाही असं धरून तेवढा पैसा किमतीतून कमी करा. खाली वाकून चॅसी बघा, कुठं वेल्डिंग केलेलं दिसलं की गाडी सोडा, कितीबी स्वस्त असू दे. चॅसी नंबर आरसीशी जुळवा. आन् किलोमीटरच्या काट्यावर जाऊ नका, स्टिअरिंगचं कव्हर काढून आणि ब्रेकच्या पेडलचं रबर बघून गाडी किती पळाली ते कळतं. जायच्या आधी फोन करा, मला वेळ असला तर मी येतो संगट.