कन्करन्सी शिकवायची तर ऑटोमाटा पुरे, की प्रोसेस अल्जिब्राही हवा?

तर्कट
कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आपण ऑटोमाटा, म्हणजे स्टेट्स (अवस्था) आणि त्यांना जोडणारे बाण अशी कागदी यंत्रं शिकतो: डीएफए (पुढची स्टेट ठरलेली), एनएफए (एकाहून जास्त वाटा शक्य), पुशडाउन, ट्युरिंग मशीन असं सगळं. दोन यंत्रं एकच भाषा (म्हणजे चालणाऱ्या क्रमांचा तोच संच) स्वीकारत असतील तर ती सारखीच, हे डोक्यात पक्कं बसतं. पुढे नोकरीत कन्करन्सीशी, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या आणि एकमेकांशी बोलणाऱ्या प्रोसेसेसशी गाठ पडते आणि नेमकी हीच समजूत घात करते. म्हणून सिलॅबसमध्ये प्रोसेस अल्जिब्राला (प्रोसेसेस सूत्रांसारख्या लिहून जोडायची आणि ताडून बघायची रीत) निदान एक युनिट द्यायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे.

चहा-कॉफीचं मशीन हे या विषयातलं नेहमीचं उदाहरण. एका मशीनमध्ये नाणं टाकलं की तुम्ही चहा किंवा कॉफीचं बटण दाबता. दुसरं मशीन नाणं पडताच आतल्या आत ठरवून टाकतं की या खेपेला फक्त चहा, किंवा फक्त कॉफी. घटनाक्रम दोन्हींचे तेच: नाणं-चहा, नाणं-कॉफी. एनएफएचा डीएफए केलात की उरलासुरला फरकही पुसला जातो. पण फक्त कॉफी पिणारा माणूस दुसऱ्या मशीनपुढे अडकू शकतो, पहिल्यापुढे कधीच नाही. निवड कोणी केली आणि कधी केली, हे भाषेच्या समानतेला दिसत नाही. रॉबिन मिल्नर यांचा सीसीएस हा प्रोसेस अल्जिब्रा (१९८०) आणि डेव्हिड पार्क यांचं बायसिम्युलेशन (१९८१), म्हणजे दोन यंत्रं प्रत्येक पायरीला एकमेकांची चाल जुळवू शकतात का ही कसोटी, यांना ते दिसतं.

रात्रपाळी
साफ असहमत. डीएफए करा असं तुम्हाला सांगितलं कोणी? स्टेट ग्राफ आहे तसा ठेवा, ग्राहकासकट सगळी सिस्टिम जोडा आणि जिथून बाहेर एकही बाण जात नाही अशी स्टेट शोधा. सापडला डेडलॉक.

मी रोज वितरित सिस्टिम सांभाळतो. तिथे 'ही दोन यंत्रं समान आहेत का' असं कोणी विचारत नाही, 'ही सिस्टिम कधी नको त्या स्टेटला पोचते का' असं विचारतात. त्यासाठी वार्डी आणि वोल्पर यांनी १९८६ मध्येच रस्ता घालून दिलाय: सिस्टिमचा ऑटोमाटा घ्या, नको असलेल्या वर्तनाचा ब्युखी ऑटोमाटा (न संपणाऱ्या क्रमांसाठीचा) घ्या, दोघांचा छेद रिकामा आहे का बघा. स्पिन हे टूल याच कल्पनेवर चालतं. ॲमेझॉनच्या इंजिनिअरांनी २०१५ मध्ये लिहिलंय की त्यांच्या डायनॅमोडीबी या डेटाबेसमधला एक बग दाखवणारा सर्वांत छोटा क्रम ३५ पायऱ्यांचा होता. तो टीएलए+ ने (सिस्टिमचं वर्णन लिहून तपासायची भाषा) पकडला. प्रोसेस अल्जिब्राचा त्यात संबंध नाही.

तर्कट
'सगळी सिस्टिम जोडा' हे बोलायला सोपं आहे. १० घटक, प्रत्येकाच्या १० स्टेट्स, की जोडल्यावर एक हजार कोटींपर्यंत जाऊ शकतात. स्ट्राँग बायसिम्युलेशनची (आतल्या हालचालीही मोजणारा प्रकार) ताकद ही की ते समांतर जोडणीत टिकतं. एखाद्या घटकाच्या जागी त्याचं लहान पण समतुल्य रूप ठेवा, एकूण वर्तन बदलत नाही. ग्रनोबलचं सीएडीपी हे टूल हेच करतं: आधी घटक आवळायचे, मग जोडायचे.

आणि हे पुस्तकी नाही. गो या प्रोग्रामिंग भाषेत आपली मुलं चॅनेल (प्रोसेसेसमधला संदेशमार्ग) वापरतातच, त्याचं मूळ होअर यांच्या १९७८ च्या सीएसपी या मांडणीत आहे. एकाच सिलेक्टमध्ये (जो चॅनेल तयार असेल तो घ्या) दोन्ही चॅनेलवर थांबणं, आणि आधी रँडम आकडा काढून एकाच चॅनेलवर थांबणं, ही वरची दोन मशीनंच आहेत. दुसऱ्या प्रकारचा कोड टेस्टमध्ये बहुतेक वेळा पास होतो, म्हणून तो जास्त घातक.

कोनाडा
दोघांनाही लागू पडेल असं उदाहरण देतो. नीडहॅम-श्रोडर पब्लिक-की प्रोटोकॉल (दोघांनी एकमेकांची ओळख पटवायची संदेशांची रीत) १९७८ चा, फक्त तीन संदेशांचा गाभा. त्यातला हल्ला गॅव्हिन लोव यांनी दाखवला १९९५ मध्ये, म्हणजे १७ वर्षांनी! अ चोराशी संवाद सुरू करतो, चोर तोच संदेश अ च्या नावाने ब ला पाठवतो. ब चं उत्तर अ च्या किल्लीने बंद, चोराला उघडता येत नाही, तो ते तसंच अ कडे सरकवतो, आणि अ स्वतःच ब चा गुप्त आकडा चोराला काढून देतो. उपाय काय, तर दुसऱ्या संदेशात ब ने आपलं नाव घालायचं. एवढंच.

पुढच्या वर्षीच्या निबंधात लोव यांनी हे सीएसपीत मांडलं. चोर म्हणजे समांतर ठेवलेली आणखी एक प्रोसेस. मात्र हल्ला शोधला एफडीआर या टूलने, स्टेट्स धुंडाळूनच. माझ्या मते मांडणीचं श्रेय अल्जिब्राचं, शोधाचं ऑटोमाटाचं.

रात्रपाळी
उदाहरण उत्तम, पण एका युनिटमध्ये हे मावेल? आतल्या हालचाली लपवल्या की वीक बायसिम्युलेशन (त्या हालचाली न मोजणारं) लागतं, आणि ते '+' (दोहोंतली निवड) समोर मोडतं. 'टाऊ (आतली न दिसणारी हालचाल) मग अ' आणि नुसतं 'अ' समतुल्य, पण दोन्हींना '+ ब' जोडलं की नाहीत. मग त्याची डागडुजी शिकवा. शिवाय प्रोसेस अल्जिब्रात 'अ आणि ब एकाच वेळी' म्हणजे 'अ-ब किंवा ब-अ'. पेट्री नेटवाल्यांना (स्वतंत्र घटना क्रम न लावता दाखवणारी आकृती-पद्धत) हे पटत नाही, आणि मलाही. स्वतंत्र घटनांना उगाच क्रम का लावायचा?

फळा_खडू
मी हा विषय शिकवते. डीएफए मिनिमायझेशनला (डीएफए लहान करताना) आपण स्टेट्सचे गट पाडतो आणि वेगळं वागणारी स्टेट गटाबाहेर काढतो. हीच रीत निवडी असलेल्या ग्राफवर चालवली की बायसिम्युलेशन हातात येतं. वेगळं युनिट नको, त्याच प्रकरणात जादा एक तास पुरतो. वीक प्रकार एम.टेक.साठी ठेवा. तास काढायचा तर पंपिंग लेमाची (एखादी भाषा डीएफएला झेपत नाही हे दाखवायचं प्रमेय) तीच तीच गणितं कमी करा.

रात्रपाळी
त्या तासाला माझी हरकत नाही. पण प्रॅक्टिकल स्पिनचंच ठेवा. चुकीचा क्रम पायरी-पायरीने स्क्रीनवर उलगडताना मुलांनी बघितला पाहिजे.

तर्कट
ठेवा की. फक्त त्याच प्रॅक्टिकलला दोन्ही मशीनं द्या, आणि ग्राहक न जोडता फरक दाखवायला सांगा.