'लाइफटाइम' एटीएफ आणि घरच्या पार्किंगमधलं काम

लालतेल
काल एक पोस्ट वाचली आणि गप्प बसवेना. त्यात लिहिलंय: "ऑटोमॅटिकचं तेल आयुष्यभरासाठी असतं. डिपस्टिक दिलेली नाही म्हणजे हात लावायचाच नाही. घरी बदलणारे स्वतःच्या हाताने गिअरबॉक्स मारतात."

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या या तेलाला, म्हणजे एटीएफला, 'लाइफटाइम' म्हणणं हे काही गाडी कंपन्यांचं. झेडएफ तर गिअरबॉक्सच बनवते, आणि ती तेल ८०,००० ते १,२०,००० किमी किंवा ८ वर्षांनी बदलायला सांगते. तेलाचं तापमान १० अंशांनी वाढलं की ते खराब होण्याचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. सोलापुरात मे महिन्यात ४२-४३ अंशात सात रस्त्याच्या सिग्नलला 'डी'त (ड्राइव्हमध्ये) उभी राहणारी गाडी त्यात कुठे बसते, ते ज्याचं त्याने ठरवावं.

आता काम. गाडी चारही बाजूंनी सपाट हवी, नुसतं पुढचं तोंड उचलून लेव्हल कळत नाही. चार स्टँड लावा. जॅकवर किंवा विटांवर टेकवलेल्या गाडीखाली शिरू नका. आधी भरायचा प्लग सैल होतो का बघा आणि मगच खालचा खोला. वरचा अडकला आणि खालून तेल गेलं, तर गाडी जागेवरून हलणार नाही. निघालेलं तेल मापाच्या भांड्यात मोजा आणि तेवढंच नवं भरा. ब्रेक दाबून गिअर लिव्हरच्या पी-आर-एन-डी प्रत्येक ठिकाणी काही सेकंद थांबा आणि मग लेव्हल बघा. ड्रेन प्लगचा वायसर दर वेळी नवा.

सातरस्ता मिस्त्री
मालक, सगळं लिहिलंत आणि ज्याच्यावर काम पडतं तेच एका ओळीत उरकलंत. "मग लेव्हल बघा." कशी?

ओव्हरफ्लोच्या, म्हणजे जास्तीचं तेल प्लगमधून बाहेर पडणाऱ्या, गिअरबॉक्सला इंजिन चालू, पी मध्ये, ठरलेल्या तापमानाला चेक प्लग उघडायचा. बारीक धार येऊन थेंबांवर आली की लेव्हल बरोबर. टोयोटाच्या बऱ्याच गिअरबॉक्सना हे तापमान ४० च्या आसपास लागतं. ह्युंदाईच्या ६ स्पीडला ५० ते ६०. तेल थंड असताना प्लग लावला तर गरम झाल्यावर ते फुगून जास्त होतं, गिअर त्याला घुसळून फेस करतात. फार गरम असताना उघडला तर जास्त तेल वाहून जातं, पंप हवा ओढतो, गिअर उशिरा पडतो आणि क्लच घसरून जळतात. लोक हे तापमान डॅशबोर्डच्या काट्यावरून धरतात. तो काटा इंजिनच्या कूलंटचा असतो! गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून ट्रान्समिशनचं (गिअरबॉक्सचं) तापमान दाखवणारा स्कॅनर नसेल तर हे काम करूच नये.

जुळे सोलापूरकर
आणि सोलापुरात एक जास्तीची अडचण. एप्रिल-मेच्या दुपारी पार्किंगमधली गाडी सुरू करायच्या आधीच तिचं तेल ४० च्या घरात असतं. दहा मिनिटं इंजिन चाललं की ४० ची खिडकी मागे पडली. अशा गाड्यांचं काम पहाटे. गाडी रात्रभर उभी ठेवा, ५ वाजता तेल काढा, भरा, लेव्हल करून मोकळे व्हा. चेंबर, म्हणजे गिअरबॉक्सखालचं तेलाचं पात्र, खोलणार असाल तर वाऱ्याच्या दिवशी नको, धूळ आत जाते.

पुसायला टॉवेलच्या कारखान्यातली चिंधी वापरू नका. आपल्याकडे ती स्वस्त म्हणून प्रत्येक गॅरेजात पोतं भरून असते. टेरीचा दोरा न् दोरा सुटतो आणि व्हॉल्व्ह बॉडीच्या (तेल वळवून गिअर बदलणाऱ्या भागाच्या) बारीक जाळीत जाऊन बसतो. तंतू न सुटणारं कापड घ्या.

लालतेल
मिस्त्री, तापमानाचं मान्य. मी तपशील द्यायला हवा होता. पण "करूच नये" हे पुन्हा त्या पोस्टसारखंच झालं. स्कॅनर महाग राहिलेला नाही. फक्त तो तुमच्या गाडीचं ट्रान्समिशन तापमान दाखवतो का, हे घ्यायच्या आधी बघा.

आणि गॅरेजात काय होतं तेही लिहा की. मशीन लावून फ्लश मारतात, म्हणजे जुनं तेल एकदम ढकलून काढतात. डब्यात काय ओतलं ते गिऱ्हाइकाला दिसत नाही. तेल लाल आहे म्हणून टोयोटाच्या डब्ल्यूएस तेलाच्या जागी डेक्स्ट्रॉन-३ हे जुन्या जातीचं तेल ओततात. डब्ल्यूएस पातळ असतं, सोलेनॉइडची (तेलाची वाट उघडणाऱ्या विजेच्या झडपांची) वेळ त्याच हिशोबाने बसवलेली असते. तुमचं पोट त्यावर आहे म्हणून लोकांना घाबरवताय.

सातरस्ता मिस्त्री
पोटावर येऊ नका. घाबरवायचं असतं तर तापमानं सांगितलीच नसती.

चेंबर खोलणाऱ्यांनी हेही वाचा. चेंबरच्या बोल्टला ताकद फार थोडी लागते, बऱ्याच गाड्यांत ५ ते १० न्यूटन-मीटर. नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलात बघा. अर्धा इंची टॉर्क पाना (आवळायची ताकद मोजणारा) त्याच्या कितीतरी वर सुरू होतो, पाव इंची लागतो. अंदाजाने आवळलं की चेंबरची कड वाकते किंवा ॲल्युमिनियमच्या केसिंगमधले आटे जातात. मग पॅकिंग कितीही बदला, गळणारच. चेंबरमधल्या चुंबकावर राखाडी मऊ लेप असेल तर ती नेहमीची झीज, पुसा आणि परत बसवा. चकचकीत तुकडे किंवा सुयांसारखं काही निघालं तर तेल बदलून काही होणार नाही.

फ्लशबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे. दीड लाख किमी हात न लावलेल्या गाडीला मी मशीन लावत नाही.

बोअरवाला
दोघेही भांडताय, पण निघालेलं तेल कुठे जातं ते एकानेही लिहिलेलं नाही. चार लिटर जुनं तेल घेऊन हा माणूस पार्किंगमध्ये उभा आहे. पुढे? गटार! नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात आपण बोअरवर जगतो. खाली काळा पाषाण, पाणी भेगांतून फिरतं. एका सोसायटीने ओतलेलं दुसरीच्या बोअरला येतं.

होटगीरोड
एवढं काय त्यात? भंगारवाला घेऊन जातो. सेंट्रिंगवाले घेतात. शेतात लाकडी खांबांना वाळवीसाठी लावतात, जनावरांना गोचीड झाल्या तर लावतात. वाया काही जात नाही.

बोअरवाला
जनावरांना अजिबात लावू नका! जनावर अंग चाटतं, तेल पोटात जातं, कातडी भाजते. गोचिडाचं औषध पशुवैद्यकीय दवाखान्यात मिळतं. खांबाला लावलेलं पहिल्या पावसात मातीत उतरतं. आणि सेंट्रिंगच्या फळ्यांना काळं ऑइल लावलं की स्लॅबच्या पोटाला तेलकट डाग पडतात, प्लास्टर धरत नाही. मग दोन वर्षांनी पोपडे पडतात आणि घरमालक सिमेंटला दोष देतो. शटरिंग ऑइल वेगळं मिळतं, ते घ्या. हे काळं ऑइल उघड्या हातांनी दिवसभर फासणाऱ्या मजुराचा विचार कुणीच करत नाही.

होटगीरोड
एटीएफ म्हणजे इंजिन ऑइल नाही. त्यात पेट्रोल-डिझेल जळल्याची काजळी नसते. सगळं एकाच मापात मोजू नका.

बोअरवाला
काजळी नसते हे खरं. धातूची भुकटी, क्लचचा चुरा आणि ॲडिटिव्ह असतात. आणि भंगारवाला वेगळं कुठे ठेवतो? सगळं एकाच पिंपात. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत वापरलेलं तेल घातक कचऱ्यात मोडतं. १ एप्रिल २०२४ पासून ते परत गोळा करून शुद्ध करण्याची जबाबदारी तेल विकणाऱ्या उत्पादकांवरही टाकली आहे. म्हणजे सोय मागणं आपला हक्क आहे.

सातरस्ता मिस्त्री
हक्क कागदावर. रस्त्यावरच्या गॅरेजात येऊन चांगला भाव देतो तो भंगारवालाच. अधिकृत घेणारा मोठ्या पिंपांशिवाय फिरकत नाही, आम्ही छोट्यांनी साठवायचं कुठे?

बोअरवाला
चार-पाच गॅरेजांनी मिळून एक पिंप ठेवा. घरी करणाऱ्याने ज्या डब्यातून नवं आणलं त्यातच जुनं भरावं, झाकण घट्ट, वर 'वापरलेलं एटीएफ' लिहावं, आणि जिथून तेल घेतलं त्या सर्व्हिस सेंटरला आधी विचारावं की परत घेता का. घेत नसतील तर तेल दुसरीकडून घ्यावं. त्यात कूलंट, पेट्रोल, थिनर मिसळू नये, मिसळलं की शुद्ध करणं अवघड होतं.

जुळे सोलापूरकर
मूळ प्रश्नावर येऊ या? एकदा काढल्याने सगळं तेल बदलत नाही, टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागात) बरंच राहतं. समजा एकूण ८ लिटर मावतं आणि ३.२ निघालं, म्हणजे ४० टक्के. मध्ये काही शे किलोमीटर चालवून तीनदा केलं तर सुमारे ७८ टक्के नवं होतं. गाडी जुनी असेल तर हाच सौम्य मार्ग.

एएमटीवाल्यांनी यातलं काही करू नये. तुमच्यात साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि त्याचं गिअर ऑइल असतं, वर क्लच-गिअर हलवणाऱ्या यंत्रणेचं तेल वेगळं. पट्ट्यावर चालणाऱ्या सीव्हीटीलाही तिचंच ठरलेलं तेल, साधं एटीएफ घातलं तर पट्टा घसरतो.

सातरस्ता मिस्त्री
ठीक. मग माझ्या बाजूने एवढं: गाडी वॉरंटीत नाही, तेल लालसर-तपकिरी आहे, जळका वास नाही, गिअर झटका देत नाही, स्कॅनर आणि चार स्टँड आहेत, तर घरी करा. तेल काळं आणि जळकं असेल, 'डी' टाकल्यावर गाडी दोन सेकंदांनी हलत असेल, तर हात लावू नका. क्लच आधीच गेलेले असतात. नवं तेल घातल्यावर गाडी बंद पडली की लोक तेलाला शिव्या घालतात.

लालतेल
जळक्या तेलाचं मान्य करतो, नाइलाजाने. पण मग गॅरेजांनीही गिऱ्हाइकासमोर डबा फोडावा आणि स्कॅनरवरचं तापमान दाखवून प्लग लावावा. हे लिहून देणारं एक गॅरेज सांगा, मी तिथे पाठवतो लोकांना.

सातरस्ता मिस्त्री
डबा समोर फोडतो, तापमानही दाखवतो. पहाटे ५ ला शटर मात्र उघडत नाही. ४० अंशावर लेव्हल लागणारी गाडी असेल तर आदल्या संध्याकाळी आणून लावा, सकाळी ७ च्या आत पहिलं काम तिचंच.

बोअरवाला
आणि तुमचं पिंप?